आमच्या वाट्याचा एक कुत्रा

चंडीगडमध्ये तुमच्या घरात किती कुत्री राहू शकतात, हे तुमचं घर किती मरल्यांचं आहे यावर ठरतं.

मरला म्हणजे इकडचं जमिनीचं माप. पाच मरल्यांच्या घराला एक कुत्रा. घर मोठं होत जाईल तशी कुत्र्यांची संख्या वाढते आणि ऐसपैस कोठीवाल्याला, म्हणजे बंगलेवाल्याला, थेट चार! शिवाय कुत्र्याची नोंदणी हवी, गळ्यात पट्टा हवा, पट्ट्याला नंबराचा बिल्ला हवा आणि फिरायला नेताना मालकाच्या हातात पिशवी हवी (कशासाठी, ते तुम्ही ओळखलंत). आमचं घर पाच मरल्यांचं, तळमजला, पुढे दोन सतरंज्या अंथरल्या की संपेल एवढं अंगण. म्हणजे कायद्याने आमच्या वाट्याला एक कुत्रा येत होता. आमची सई नववीत आहे आणि हा वाट्याचा कुत्रा ती गेली चार वर्षं मागत होती.

"मम्मी, एक तो अलाउड है ना!" (सईला मराठी सगळं कळतं. बोलते मात्र हिंदीत. फारच रागावली तर इंग्रजीत.)

"अलाउड आहे म्हणजे कंपल्सरी नाही," मी म्हणायची आणि वह्या तपासायला घ्यायची.

मी शाळेत गणित शिकवते. आमचे डॉक्टर इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला लागले, म्हणून साताऱ्याहून सोळा वर्षांपूर्वी इकडे आलो. काही बायकांना साड्यांचा शौक असतो, काहींना दागिन्यांचा. मला नियमांचा आहे. माहेरी मला फौजदार म्हणायचे. चंडीगडला आल्यावर बघते तो काय, रस्ते सरळ, चौक गोल, झाडांनासुद्धा नंबर! मला वाटलं, हे शहर माझ्यासाठीच आखलंय. दोन वर्षांत मी आमच्या सेक्टरातल्या रहिवाशांच्या कमिटीची सेक्रेटरी झाले. (निवडणुकीत माझ्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नाही. मी याला लोकप्रियता समजत होते.)

प्राण्यांचे नवे नियम आले तेव्हा मी ते दोनदा वाचले, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या आणि कुत्रा-नोंदणीच्या फॉर्मच्या पन्नास प्रती काढून कपाटात ठेवल्या. बागेत सभा घेतली. समोसे ठेवले, म्हणून साठ माणसं आली. फोनवरून तक्रार कशी करायची, हे मी सगळ्या ज्येष्ठ नागरिकांना हात धरून शिकवलं. "फोटो, लोकेशन, भेजो! तीन कदम, बस!" पहिल्या रांगेत शेजारचे ढिल्लों अंकल होते. त्यांनी हे चष्मा लावून वहीत लिहून घेतलं होतं. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे टेप घेऊन गेले. अंकलचं घरही पाच मरल्यांचं आणि कुत्री दोन, ब्रूनो आणि शेरू!

"मैडम जी, बाल्कनी मिला के साढ़े पाँच मरले बनते हैं," अंकल काकुळतीने म्हणाले.

"बाल्कनी नहीं गिनते, अंकलजी."

"छत पे एक कमरा भी है."

"छत भी नहीं गिनते!"

शेरूची रवानगी मोहालीला, अंकलच्या मुलीकडे झाली. तेव्हापासून अंकल आमच्या डॉक्टरांना "सत श्री अकाल" म्हणत आणि माझ्याकडे बघून नुसते खाकरत.

मग आली गाय. शहराच्या पार टोकाच्या मनीमाजऱ्यात राहणाऱ्या गुरमेलसिंगांची. आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा दुधाचा टेम्पो उभा असायचा आणि त्यांची गाय वासराला घेऊन गल्लीत पाय मोकळे करायची. पांढरी गाय, पाठीवर तपकिरी डाग, स्वभावाने शांत. पण सेक्टरात गाय म्हणजे सरळसरळ नियमभंग! मी फोटो काढला, लोकेशन टाकलं, भेजो केलं. तिसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी येऊन गाय-वासराला घेऊन गेली. गुरमेलसिंगांना ती हमीपत्र लिहून दिल्यावर परत मिळाली. त्यातलं शेवटचं वाक्य मी सुचवलं होतं: पुन्हा सेक्टरात सापडल्यास गाय परत मिळणार नाही. गुरमेलसिंग सत्तरीचे. सही करताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

आता चूक कुठे झाली, ते सांगते. पुरावा म्हणून काढलेला तो गाय-वासराचा फोटो मी कमिटीच्या ग्रुपवर टाकायच्या ऐवजी 'साळुंखे परिवार सातारा'वर टाकला. त्यावर एकोणीस जणांनी हात जोडले. मी दुर्लक्ष केलं. आठवड्याने सासूबाईंचा फोन आला.

"वैशे, घराच्या पाठीच गाय-वासरू हाय व्हय गं? आन् मला कधी बोलली न्हाईस!"

"अहो आई, ते..."

"आगं, शेजारच्या शिंद्यांनी गाय विकली. यंदा वसुबारस कशी करायची, म्हणून माझ्या जिवाला घोर लागला हुता. तुझा फोटू बघितला आन् रात्री झोप लागली बघ. तिकीट काढलंय. येते!"

वसुबारस म्हणजे दिवाळीचा पहिला दिवस. त्या दिवशी संध्याकाळी गाय-वासराची पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. आई लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी हे करत आल्यात. मामंजी गेले त्या वर्षीही त्यांनी एकटीने गाईच्या पायावर पाणी घातलं होतं. आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगून टाकायचं, की आई, गाय मी घालवली. सांगणारच होते. पण आई पुढे म्हणाल्या, "सगळ्या आळीत सांगितलं मी. म्हटलं, माझी सून गुणाची. एवढ्या लांब जाऊन गाईच्या सोबतीला राहती." अठरा वर्षांत सासूबाईंनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक! ते पायाखाली तुडवायचा मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "या की आई!"

आई आल्या. सोबत बाजरीचं पीठ, गवारीच्या शेंगा, आणि विमानात मांडीवर धरून आणलेलं पितळी तबक. पहिल्याच दिवशी त्यांनी मागचं दार उघडून गल्लीत डोकावलं.

"कुठं हाय गं?"

"चरायला जाते, आई."

"कुठं?"

"लांब," मी म्हटलं. (मनीमाजरा तसं लांबच आहे.)

असे चार दिवस काढले आणि वसुबारस उजाडली. आईंनी पहाटे आंघोळ केली, बिनदुधाचा चहा घेतला आणि दिवसभराचा उपास धरून अंगणात गाईची रांगोळी काढायला बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून स्टुलावर बसून वाकून रांगोळी! मला बघवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी डॉक्टरांना आणि सईला सगळं खरं सांगितलं.

"तू गाईला अटक करवलीस?" डॉक्टर म्हणाले.

"अटक नाही, तक्रार."

"आणि आईला सांगितलंस, ती चरायला गेलीये?"

"पापा, जोक मत करो, सोचो," सई म्हणाली. "ढिल्लों अंकल की बहन के यहाँ डॉगी ने पपीज़ दिए हैं. माँ भी है, बच्चे भी हैं. आजी को पूछूँ?"

"तू तर संधीच शोधत असतेस!"

डॉक्टरांनी गोशाळेत फोन लावला. गाई भरपूर होत्या, पण सगळ्या म्हाताऱ्या. वासरू एकाही गाईपाशी नव्हतं. मी देव्हाऱ्यातली चांदीची गाय काढून आईंसमोर ठेवली. त्यांनी ती उचलून उलटीपालटी केली आणि परत माझ्या हातात दिली.

"ही भाकरी खाती का?"

"आई, मग आपण गाडीने गाईकडेच जाऊया का? तिच्या गोठ्यावर?"

"लक्ष्मी दारात येती, वैशे. आपण तिच्या दारात जाऊन बसायचं न्हाई," आई म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "गाय न्हाईच का गं?"

खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. मला माझी लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मी म्हटलं, "आहे, आई. आणते." आणि बाहेर जाऊन गुरमेलसिंगांना फोन लावला.

"गुरमेलजी, मैं मिसेस साळुंखे..."

"ओ जी मैडम जी! हुण की कर दित्ता मैं?" आता आपल्या हातून काय झालं, म्हणून ते घाबरले. "गाय तो बाहर निकली ही नहीं!"

"निकालिए जी! मेरे घर ले आइए. बछड़े के साथ. आज शाम को."

मग ते जपून म्हणाले, "मैडम जी, ये कोई टेस्ट है?"

मी त्यांना सासूबाई, उपास, अठ्ठ्याहत्तर वर्षं, सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "बीजी भूखी बैठी हैं? बस जी. मैं आया." ना अट, ना टोमणा. तिथे मला पुन्हा एकदा लाज वाटली. (दिवस लाज वाटण्याचाच होता.)

पाच वाजता टेम्पो आला. मागचं फळकूट उघडलं आणि गाय रुबाबात खाली उतरली, पाठोपाठ वासरू. आईंचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, चला, सुटले! मी फाटक उघडलं. फाटकावर मीच चिकटवलेला प्राण्यांच्या नियमांचा मोठा कागद होता, लाल रेघांसकट. गाईने तो वरपासून खालपर्यंत हुंगला, एका कोपऱ्याला धरून ओढला आणि चावून चावून खाल्ला! पाठोपाठ झेंडूचं तोरण. वासरू अंगणात थांबलंच नाही. उघड्या दारातून थेट दिवाणखान्यात गेलं, गुळगुळीत फरशीवर चारी पाय चार दिशांना पसरून बसलं आणि हंबरायला लागलं. ते हंबरलं म्हणून गाय हंबरली. गाय हंबरली म्हणून ब्रूनो भुंकला. ब्रूनो भुंकला म्हणून ढिल्लों अंकल बाल्कनीत आले.

त्यांनी चष्मा लावला, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी ओशाळं हसले. अंकलनी खिशातून फोन काढला.

"पापा, अंकल फोटो ले रहे हैं," सई म्हणाली. "अब लोकेशन डाल रहे हैं. मम्मी, भेज दिया!"

तीन कदम, बस!

डॉक्टर आणि गुरमेलसिंग वासराला उचलून अंगणात आणत होते, आई तबकात निरांजन लावत होत्या, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. इतक्या लवकर! (मीच त्यांच्या तत्परतेचं कौतुक करणारं पत्र लिहिलं होतं.) गाडीतून तेच जाडजूड मिशीवाले इन्स्पेक्टर उतरले, ज्यांनी मागच्या वेळी गाय नेली होती. त्यांनी गाय बघितली, मला बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"मैडम, आप? शिकायत करने वाले का घर कौन सा है?"

"हे नाही... मतलब, ये नहीं. ये दूसरा है. शिकायत जिसके खिलाफ है, वो."

"और ये पशु किसका है?"

गुरमेलसिंगांचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा सापडल्यास गाय परत मिळणार नाही! वाक्य माझं, गाय त्यांची, आणि तबक हातात धरून उपाशी उभ्या आई. मला माझाच आवाज ऐकू आला.

"माझी! मेरी है!"

"आपकी?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"मम्मी?" सई म्हणाली.

"कागज है कोई? कागज के बिना तो ले जानी पड़ेगी. मुझे शिकायत बंद करने के लिए कुछ तो कागज चाहिए जी."

कागद! कागद म्हटलं की माझ्या अंगात संचारतं. मी घरात धावले, कपाट उघडलं आणि पन्नासातला एक फॉर्म घेऊन आले. "हे घ्या! रजिस्ट्रेशन!"

"मैडम, ये तो कुत्ते का फॉर्म है."

"मेरे पास यही है. आपको कागज चाहिए ना?"

इन्स्पेक्टरांनी एक मोठा उसासा सोडला. शिफ्ट संपत आलेल्या माणसाचा उसासा होता तो. "लिखो जी," ते म्हणाले. मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी माझ्या वळणदार अक्षरात फॉर्म भरला. मालक: सौ. वैशाली साळुंखे. घर: पाच मरले. प्राण्याचं नाव?

"गौरी," आई मागून म्हणाल्या. "शिंद्यांच्या गाईचं नाव हुतं."

जात: देशी. रंग: पांढरा, तपकिरी डाग. उंची: चार फूट. चावण्याची सवय आहे का? (मी फाटकाकडे बघितलं. कागदाचा एक तुकडा अजून लोंबत होता.) नाही. भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होतो का? नाही. मालकासह फोटो! इन्स्पेक्टरांनी मोबाइल काढला, मी गाईशेजारी उभी राहिले आणि सवयीने अंगठा वर केला.

"चलो, मालिक तो हुआ," ते फॉर्म फाइलला लावत म्हणाले. "एक घंटे में इसे सेक्टर से बाहर करो. और मैडम, यहाँ साइन." त्यांनी हमीपत्र पुढे केलं.

मी वाचलं. शेवटचं वाक्य ओळखीचं होतं. मी सही केली आणि मान वर केली तर गुरमेलसिंग माझ्याकडे बघत होते. या वेळी ते हसत होते.

आणि मग आईंनी पूजा केली. गाईच्या पायावर पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, गळ्यात हार घातला. निरांजनाने ओवाळलं तेव्हा गाय इतकी शांत उभी राहिली, की ब्रूनोही गप्प झाला. गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी आईंनी तिला हाताने भरवली. वासराच्या तोंडावरून हात फिरवत त्या काहीतरी पुटपुटत होत्या. डॉक्टर नुसते बघत राहिले होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पन्नासातल्या दुसऱ्या एका फॉर्मने पुसलं.

इन्स्पेक्टर जायला निघाले तर आई म्हणाल्या, "त्यास्नी म्हणावं, जेवल्याबिगर जायचं न्हाई." गुरमेलसिंग, इन्स्पेक्टर, सगळे अंगणात भाकरी खायला बसले. शेवटी ढिल्लों अंकलही डोक्याला रुमाल बांधून आले आणि गाईला हात लावून नमस्कार केला.

"शिकायत मैंने की थी जी," ते मला म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "आपने ही तो सिखाया था."

"बिलकुल बरोबर केलंत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आईंनी त्यांना दोन भाकऱ्या वाढल्या आणि एक ब्रूनोसाठी बांधून दिली.

आई साताऱ्याला परतल्या आणि माझा तो अंगठ्याचा फोटो सगळ्या आळीला दाखवला. "सुनेनं माझ्यासाठी सरकारात गाय नावावर करून घेतली!" पुढच्या वसुबारसेला आता दोन आत्यासुद्धा येणार आहेत.

गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण एवढ्या सगळ्या गोंधळात सई एकदाही माझ्यावर रागावली नव्हती, म्हणून फेब्रुवारीत तिच्या वाढदिवसाला मी विरघळले. ढिल्लों अंकलच्या बहिणीकडचं एक पिल्लू ठरलं. सईने नावही ठरवलं, बिस्किट. मी कपाटातून नवा फॉर्म काढला, भरला आणि आम्ही दोघी नोंदणीच्या खिडकीवर गेलो.

खिडकीतल्या बाईंनी घराचा नंबर टाकला, कॉम्प्युटरचा पडदा बघितला आणि म्हणाल्या, "नहीं होगा जी. पाँच मरले में एक ही कुत्ता. आपका एक पहले से है."

"आमच्याकडे? हमारे यहाँ कोई कुत्ता नहीं है!"

त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. नाव गौरी. जात देशी. उंची चार फूट. भुंकण्याचा त्रास नाही. फोटोत पांढरा रंग, तपकिरी डाग, गळ्यात हार, कपाळाला कुंकू, दोन शिंगं. शेजारी अंगठा वर करून मी.

"ये गाय है!" मी ओरडले.

"फॉर्म तो आपने भरा है," बाई म्हणाल्या. "राइटिंग बहुत सुंदर है जी."

सई इंग्रजीत बोलायला लागली, यावरून काय ते समजा. नाव काढायचं तर प्राणी दुसऱ्याच्या नावावर करायला हवा आणि नवा मालक सहीला यायला हवा. मी तिथूनच गुरमेलसिंगांना फोन केला.

"ना जी," ते शांतपणे म्हणाले. "मेरा घर भी पाँच मरले का है. और मेरे पास एक कुत्ता है. नियम है ना, मैडम जी!"

तर बिस्किट सध्या मोहालीला शेरूच्या सोबतीला आहे. ढिल्लों अंकलनी स्वतः होऊन मुलीकडे जागा दिली, आणि ती देताना ते जितकं हसले, तितकं हसणं त्यांच्या तब्येतीला बरं नाही, असं आमच्या डॉक्टरांचं मत आहे. मी मात्र कायदा पाळणारी बाई. दर रविवारी सईला घेऊन मनीमाजऱ्याला जाते आणि आमच्या वाट्याच्या कुत्र्याला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला, आणि माझ्या हातात, नियमाप्रमाणे, पिशवी. पहिल्या रविवारी ती फारच लहान पडली. आता मी पोतं नेते.